अंदाजाला जागा न ठेवणारी मार्गदर्शिका

महापे एमआयडीसीतल्या ज्या छोट्या कंपनीत मी काम करतो, तिथे ब्राउझर स्क्रिप्टने चालवणारे एक टूल आम्ही सांभाळतो. वाशी आणि सीबीडी बेलापूरमधले सीएचए, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारे एजंट, ते वापरतात. न्हावा शेवा बंदरात येणारा किंवा तिथून जाणारा कंटेनर कुठवर आला, जहाजाची अपेक्षित तारीख पुढे गेली का, यार्डात गेट-इन (कंटेनरचा प्रवेश) झाले का, ही माहिती निरनिराळ्या शिपिंग लाइनच्या आणि टर्मिनलच्या संकेतस्थळांवर विखुरलेली असते. ती दर काही तासांनी पाहत राहणे हे एरवी एखाद्या कारकुनाचे दिवसभराचे काम. आमचे टूल ती पाने उघडते, नंबर भरते, तक्ता वाचते आणि सगळे एका ठिकाणी आणून ठेवते. तारीख वाचण्यात गफलत झाली तर डेमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर मुदतीपलीकडे बंदरात किंवा आपल्याकडे राहिल्याचा आकार, रोजच्या रोज चढत जाते, त्यामुळे ‘साधारण बरोबर’ या उत्तराला इथे किंमत नाही.

या टूलच्या कमांड पूर्वी माणसे लिहीत असत. आता बहुतेक वेळा एआय एजंट लिहितो. ऑपरेटर त्याला साध्या भाषेत काम सांगतो आणि कोणती कमांड कोणत्या क्रमाने चालवायची हे एजंट ठरवतो. टूलची मार्गदर्शिका लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे या नव्या वाचकासाठी ती नव्याने लिहावी लागली, आणि त्यातून हाती लागलेल्या काही गोष्टी इथे नोंदवून ठेवाव्यात असे वाटले.

माणसासाठी लिहिलेली मार्गदर्शिका अपुरी असली तरी काम भागते, कारण अडलेला माणूस थांबतो, शेजारच्याला विचारतो, नाहीतर सरळ फोन लावतो. एजंट सहसा थांबत नाही. त्याला जे सर्वांत संभवनीय वाटते ते धरून तो पुढे जातो. ठाणे स्टेशनात उतरलेल्या पाहुण्याला ‘पुलावरून बाहेर ये’ एवढेच सांगितले, तर तो ‘कुठल्या पुलावरून?’ असे विचारील. एजंट समोर दिसेल तो पूल चढेल, पश्चिमेऐवजी पूर्वेला उतरेल आणि ‘पोहोचलो’ असे खात्रीने कळवील. म्हणून मार्गदर्शिका लिहिताना मी प्रत्येक कमांडपाशी एकच प्रश्न विचारतो: इथे एजंटचा कोणता अंदाज पटण्याजोगा असेल आणि तरीही चुकेल? उघड गोष्टींवर शब्द खर्च करण्याची गरज नसते. ‘उघड’ ही कमांड पान उघडते हे त्याला नावावरूनच कळते. ती कमांड पान पूर्ण लोड होईपर्यंत थांबते की नाही, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

त्यातच एजंट कोऱ्या पाटीने येत नाही. ब्राउझर स्क्रिप्टने चालवणारी टूल आधीपासून आहेत. त्यांतले सेलेनियम २००४ मध्ये शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीतल्या जेसन हगिन्स यांच्या कामातून जन्माला आले. गुगलच्या क्रोम चमूने २०१७ मध्ये पपेटिअर आणले, २०१८ मध्ये ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याचे वेबड्रायव्हर हे मानक डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानके ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाले आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लेराइट प्रसिद्ध केले. या सगळ्यांचा कोड, त्यांचे धडे आणि त्यांवरची प्रश्नोत्तरे एजंटमागच्या भाषा-मॉडेलच्या प्रशिक्षणात मुरलेली असतात. ती कालबाह्य झाली तरी पुसली जात नाहीत. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या सेलेनियममधून पानावरचा एलिमेंट, म्हणजे बटण किंवा रकान्यासारखा घटक, शोधणारी ‘फाइंड एलिमेंट बाय आयडी’ ही कमांड आणि तिची भावंडे ४.३ या आवृत्तीत, २०२२ मध्ये, काढून टाकली गेली. पपेटिअरमधून ठरावीक वेळ नुसते थांबण्याचे ‘वेट फॉर टाइमआउट’ २०२४ मध्ये गेले. तरीही जुने मॉडेल ही नावे बिनदिक्कत लिहून जाते. आमचे टूल तर त्याने कधी पाहिलेलेच नाही. मग ओळखीच्या टूलचे वागणे ते आमच्या टूलवर चढवते, आणि नावे मिळतीजुळती असल्यामुळे हा गैरसमज लवकर उघडकीला येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण टाइमआउटचे आहे. पायथॉनमधल्या सेलेनियममध्ये थांबण्याची मर्यादा सेकंदांत देतात. पपेटिअर आणि प्लेराइटमध्ये ती मिलिसेकंदांत असते आणि बहुतेक ठिकाणी मूळ मर्यादा ३०,००० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा मिनिट असते. आमच्या टूलमध्ये सेकंद आहेत. मार्गदर्शिकेत ‘टाइमआउट: कमाल प्रतीक्षा’ एवढेच लिहिलेले असेल, तर एजंट ३०,००० लिहून मोकळा होतो आणि टूल ते इमानेइतबारे ३०,००० सेकंद समजते, म्हणजे आठ तास वीस मिनिटे. एरर येत नाही, काम पुढे सरकत नाही, आणि ऑपरेटरच्या पडद्यावर ‘चालू आहे’ असे दिसत राहते. यावर पहिला उपाय अर्थातच एकक लिहिणे हा आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे पॅरामीटरचे, म्हणजे कमांडला द्यायच्या मूल्याचे, नावच ‘टाइमआउट सेकंद’ करणे, कारण कमांड लिहिताना एजंट वर्णनाकडे पुन्हा वळेलच असे नाही, पण नाव त्याला लिहावेच लागते. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे १२० च्या वरचा आकडा टूलने नाकारणे आणि ‘हे मूल्य सेकंदांत आहे, ३० सेकंदांसाठी ३० लिहा’ असे तिथल्या तिथे सांगणे. आम्ही तिन्ही केले. डॉक्युमेंटेशनचे अर्धे काम टूल सुधारूनच होते, हे लेखकाने मान्य करायला हवे, भले मग त्यासाठी डेव्हलपरांशी थोडी वादावादी करावी लागली तरी.

आता ‘क्लिक’ या कमांडचे वर्णन पाहा. जुन्या मार्गदर्शिकेत त्याची एकच ओळ होती: ‘दिलेल्या एलिमेंटवर क्लिक करते.’ ती खरी होती आणि कुणा माणसाला तिने अडवलेही नव्हते. नव्या मार्गदर्शिकेतला मजकूर, मराठीत द्यायचा तर, असा आहे (त्यातला सिलेक्टर म्हणजे एलिमेंट ओळखण्याची खूण): ‘सिलेक्टरशी जुळणारा नेमका एक एलिमेंट सापडेपर्यंत, तो दिसेपर्यंत आणि सक्रिय होईपर्यंत कमाल १० सेकंद थांबते, मग क्लिक करते. एकाहून अधिक एलिमेंट जुळले तर पहिल्यावर क्लिक करत नाही. एरर देते आणि जुळलेल्या सर्वांची यादी देते. क्लिकनंतर नवे पान लोड होण्याची वाट पाहत नाही. त्यासाठी ‘पानाची वाट पाहा’ ही वेगळी कमांड द्यावी. नवा टॅब उघडला तर आधीचाच टॅब चालू राहतो. क्लिकने फॉर्म सादर होत असेल, तर एरर आली तरी फॉर्म सादर झालेला असू शकतो. पुन्हा क्लिक करण्यापूर्वी पान वाचून खात्री करावी.’

यातले प्रत्येक वाक्य एका विशिष्ट अंदाजाची वाट अडवण्यासाठी लिहिलेले आहे. प्लेराइटची क्लिक एलिमेंट तयार होईपर्यंत आपणहून थांबते, तर सेलेनियमची, वेगळे काही ठरवून दिले नसेल तर, थांबत नाही. त्यामुळे दोन्हींपैकी कुठली सवय घेऊन एजंट येईल ते सांगता येत नाही. एकाहून अधिक एलिमेंट जुळल्यावर पहिला धरायचा की नाही, याचे उत्तरही टूलागणिक निराळे. पण माझ्या मते या उताऱ्यातले सर्वांत मोलाचे वाक्य शेवटचे आहे. एरर आली म्हणजे काहीच घडले नाही, असे एजंट गृहीत धरतो आणि तीच कमांड पुन्हा चालवतो. तक्ता दोनदा वाचला तर बिघडत नाही. वाहतुकीसाठी स्लॉटची मागणी दोनदा गेली तर दोन ट्रेलर दारात उभे राहतात. म्हणून आम्ही प्रत्येक कमांडच्या वर्णनात पहिल्याच ओळीत ती फक्त वाचणारी आहे की बाहेर काही बदल घडवणारी आहे, हे लिहितो, आणि बदल घडवणारी असेल तर ती पुन्हा चालवणे केव्हा सुरक्षित आहे तेही लिहितो.

रिकाम्या उत्तराचा प्रश्न याहून फसवा आहे. ‘तक्ता वाच’ या कमांडने शून्य ओळी दिल्या, तर त्याचा अर्थ काय? कंटेनरची नोंद नाही, असा असू शकतो. पान अजून भरायचे आहे, असा असू शकतो. किंवा सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपून संकेतस्थळाने लॉगिनच्या पानावर आणून सोडले आहे आणि तिथे तक्ताच नाही, असाही असू शकतो. वाशीच्या एका ऑफिसातल्या ताईंना मी ही अडचण समजावून सांगत होतो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘अहो, लॉगिन गेलंय ते समोर दिसतं की!’ त्यांना दिसते, हे खरेच. एजंटला मात्र टूलने परत दिलेला मजकूरच दिसतो, आणि शून्य ओळी मिळाल्या तर ‘या क्रमांकाची नोंद आढळली नाही’ असे सुबक वाक्य तो अहवालात लिहितो. त्यामुळे आता ही कमांड तीन वेगळी उत्तरे देते: तक्ता सापडला पण रिकामा आहे, तक्ताच सापडला नाही, लॉगिनचे पान आले आहे. सोबत सध्याच्या पानाचे शीर्षक आणि पत्ताही देते. मार्गदर्शिकेत या तिन्हींचा अर्थ आणि प्रत्येकानंतरची पुढची पायरी लिहिली आहे.

इथून एरर मेसेजकडे वळतो, कारण एजंट मार्गदर्शिकेचे जे पान खरोखर लक्ष देऊन वाचतो ते म्हणजे एरर मेसेज. मुख्य फाइल त्याने कामाच्या सुरुवातीला वाचलेली असते आणि त्यानंतर पानापानाचा मजकूर तिच्यावर साचत जातो. लांबलचक मजकुराच्या मध्यभागी असलेली माहिती मॉडेलकडून निसटते, हे २०२३ मध्ये अभ्यासातून दाखवले गेले होते. नवी मॉडेल सुधारली असली तरी त्यावर विसंबून लिहू नये असे मला वाटते. एरर मेसेज मात्र नेमक्या गरजेच्या क्षणी, सर्वांत ताज्या मजकुरात येतो. ‘एलिमेंट सापडला नाही’ हा मेसेज एजंटला दुसरा सिलेक्टर बनवून पाहायला लावतो, मग तिसरा, मग चौथा. आमचा मेसेज आता असा असतो: “‘शोधा’ नावाचे बटण १० सेकंदांत सापडले नाही. या पानावर दिसणारी बटणे: ‘सर्च’, ‘क्लिअर’, ‘डाउनलोड’. पानावर एक आयफ्रेम आहे, त्यातला मजकूर या यादीत नाही. तिथे शोधायचे असल्यास आधी ‘आयफ्रेममध्ये जा’ ही कमांड द्या.” (आयफ्रेम म्हणजे पानात बसवलेले दुसरे पान.) मेसेज लांबतो, हे कबूल. पण पाच फसलेल्या प्रयत्नांपेक्षा तीन वाक्ये स्वस्त पडतात.

बटणांची ही यादी पानाच्या ॲक्सेसिबिलिटी ट्रीमधून येते, म्हणजे दृष्टिहीन व्यक्तींच्या स्क्रीन रीडरला ब्राउझर जी रचना पुरवतो तिच्यातून. वाय-एआरआयए हे त्यासाठीचे मानक डब्ल्यूथ्रीसीने २०१४ मध्ये अधिकृत केले, आणि आज एजंटसाठीची अनेक ब्राउझर टूल त्याच रचनेवर उभी आहेत. मात्र ज्या संकेतस्थळाने बटण म्हणून नुसता एक चौकोन रंगवला आहे आणि त्याला बटणाची भूमिका दिलेली नाही, तिथे ते बटण या यादीत येत नाही. हे मार्गदर्शिकेत लिहावेच लागते. नाहीतर यादीत नाही म्हणजे पानावर नाही, असा निष्कर्ष एजंट काढतो, आणि तो त्याच्या बाजूने तर्कशुद्धच असतो.

मराठी पानांनी एक वेगळीच डोकेदुखी दिली. द्राक्षे, कांदा, आंबा निर्यात करणाऱ्या ग्राहकांसाठी काही मराठी फॉर्म भरावे लागतात. त्यांत ‘शेतकऱ्याचे नाव’ असे एक लेबल होते. एजंटने तेच शब्द लिहून रकाना शोधला आणि टूलने ‘सापडला नाही’ असे सांगितले. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसत होते. त्यातल्या ‘ऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो: एक प्रकार ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरून, दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर टाकून. पानाने एक वापरला होता, एजंटने दुसरा. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत, हे दोन प्रकार एक मानत नाही, त्यामुळे तयार फंक्शन लावून सुटका होत नाही. शोधण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा हा फरक टूलमध्येच मिटवावा लागतो. आता टूल तो मिटवते. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक यांचेही तसेच. शोधताना ते एक धरले जातात, पण वाचलेला मजकूर मात्र पानावर जसा आहे तसाच परत दिला जातो. ‘जुळवताना सैल, परत देताना जसेच्या तसे’ हा नियम मार्गदर्शिकेत स्पष्ट शब्दांत आहे.

मार्गदर्शिकेतली उदाहरणे हा आणखी एक धोक्याचा कोपरा. माणूस उदाहरणातला नंबर बदलून आपला घालतो. एजंटकडे नंबर नसेल तर तो कधीकधी उदाहरणातलाच नंबर चालवून पाहतो. कंटेनरचा क्रमांक आयएसओ ६३४६ या मानकानुसार अकरा चिन्हांचा असतो: चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. अक्षरांना दहापासून पुढे, पण अकराच्या पटीतले आकडे वगळून, मूल्ये दिलेली आहेत. प्रत्येक स्थानाला आधीच्या दुप्पट भार असतो. मूल्य गुणिले भार अशा गुणाकारांच्या बेरजेला अकराने भागून उरणारी बाकी हा तपासणीचा आकडा, आणि बाकी दहा आली तर शून्य. आम्ही मार्गदर्शिकेतला नमुना क्रमांक मुद्दाम चुकीच्या तपासणी-आकड्याचा ठेवला आहे. तो कुणी जसाच्या तसा चालवला, तर ब्राउझर उघडण्यापूर्वीच टूल थांबते आणि हा नमुना क्रमांक असल्याचे सांगते. याच तपासणीमुळे टाइप करताना उलटसुलट झालेले बहुतेक क्रमांकही दारातच अडतात, हा वरकड फायदा.

मार्गदर्शिका कोणत्या फाइलमध्ये ठेवावी यावर बरीच चर्चा चालते. जेरेमी हॉवर्ड यांनी २०२४ मध्ये संकेतस्थळाची माहिती मॉडेलसाठी एका फाइलमध्ये ठेवण्याची ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ची कल्पना मांडली, त्याच वर्षी अँथ्रॉपिकने टूल मॉडेलला जोडण्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला, आणि पुढे एजंटसाठीच्या सूचनांच्या ‘एजंट्स डॉट एमडी’ या फाइलचा प्रघात पडला. आम्ही टूल या प्रोटोकॉलमधून उपलब्ध केले आहे, तेव्हा प्रत्येक कमांडचे वर्णन प्रत्येक संभाषणात एजंटसमोर जाते आणि त्यातला शब्दन् शब्द टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्यांत मोजते आणि बिल ज्यांवर येते ते तुकडे, खातो. देवनागरी मजकुराला तेवढ्याच अर्थाच्या इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात; म्हणून एजंटसाठीचा मजकूर इंग्रजीत ठेवला आहे आणि फॉर्मवरची लेबले तेवढी मराठीत, जशीच्या तशी. ऑपरेटरांसाठीची मराठी मार्गदर्शिका वेगळी आहे. मनाला थोडे खटकते, पण ग्राहकाच्या बिलाकडे पाहून घेतलेला निर्णय आहे. फाइलच्या नावापेक्षा मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: टूलची जी आवृत्ती चालू आहे, तिचीच मार्गदर्शिका त्या टूलमधून बाहेर पडली पाहिजे. म्हणून वर्णने कोडशेजारीच लिहिली जातात आणि त्यांतली उदाहरणे दर रात्री एका नमुना पानावर चालवून तपासली जातात.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. पानावरचा मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नाही, हे मार्गदर्शिकेत ठळकपणे लिहिले आहे आणि टूल तो मजकूर वेगळ्या चौकटीत घालून परत देते. मजकुरात आज्ञा लपवून एजंटला फसवण्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव २०२२ पासून रूढ आहे आणि त्यावर पक्का उपाय आजही नाही. त्यामुळे केवळ लिहिण्यावर न थांबता, ठरवून दिलेल्या संकेतस्थळांबाहेर टूल जाऊच शकत नाही, अशी तटबंदी केलेली आहे.

मार्गदर्शिका तपासण्याची आमची रीत साधी आहे. टूलचा कोड न दाखवता, फक्त मार्गदर्शिका देऊन एका ताज्या एजंटला काम सांगायचे आणि त्याने काय केले याची संपूर्ण नोंद वाचायची. काम झाले की नाही, याला मी दुय्यम मानतो. कुठे त्याने न लिहिलेली गोष्ट गृहीत धरली, कुठे अस्तित्वात नसलेला पॅरामीटर वापरला, कुठे एकच कमांड दोनदा चालवली, हे पाहायचे. अस्तित्वात नसलेला पॅरामीटर वेगवेगळ्या मॉडेलांनी पुन:पुन्हा वापरला, तर तो टूलमध्ये घालावा असा माझा आग्रह असतो. ‘टॅब बदल’ या कमांडला टॅबच्या शीर्षकावरून निवड करण्याची सोय अशीच मिळाली.

या तपासणीत सर्वांत अलीकडे जोडलेला परिच्छेद कॅप्चाबद्दल, म्हणजे समोर माणूसच आहे का हे तपासणाऱ्या कोड्याबद्दल, आहे. कॅप्चा दिसला की एजंट तो सोडवू पाहतो, नाहीतर पान पुन:पुन्हा लोड करतो आणि संकेतस्थळ काही काळ दारच बंद करते. नुसते ‘कॅप्चा सोडवू नये’ एवढे लिहून भागले नाही, कारण मग काय करावे हे त्यात नव्हते. आता तिथे लिहिले आहे: ‘थांबा. टॅब बंद करू नका. ‘माणसाकडे द्या’ ही कमांड चालवा आणि तिच्यात संकेतस्थळाचे नाव, कंटेनर क्रमांक, भरून झालेले रकाने आणि उरलेली पायरी द्या.’ बेलापूरच्या ऑपरेटरने यादीत आणखी एक गोष्ट घालायला लावली: सेशन किती मिनिटांत संपेल. ते बहुतेक संकेतस्थळे सांगत नाहीत, म्हणून तूर्त तिथे कॅप्चा दिसल्याची वेळ दिली जाते.